पाणी सगळ्यांचं, मग नदीचा तळ कुणाचा?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर मग’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. हे गृहस्थ अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतात. उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले, म्हणून सगळे मिळून राफ्टिंगला गेले. एका ठिकाणी गाईडने सांगितलं, “इथून पुढे दोन्ही काठ खाजगी आहेत. राफ्टमधून उतरायचं नाही, पाय तळाला टेकवायचा नाही.” वडिलांनी मराठीत विचारलं, “नदी काय याच्या बापाची आहे का?” मुलाला उत्तर देता आलं नाही, म्हणून प्रश्न आमच्याकडे आला.

काकांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर मात्र चमत्कारिक आहे: नदीतलं पाणी कुणाच्या बापाचं नाही, पण पाण्याखालची जमीन असू शकते. आणि ती कुणाची, हे ठरवताना कधी कधी दीडशे वर्षांपूर्वी त्या पाण्यातून लाकडाचे ओंडके वाहत नेले होते का, असला काहीतरी प्रश्न निघतो. (हा कायदेशीर सल्ला नाही बरं का. कुठे जाणार असाल तर तिथला ताजा नियम बघूनच जा.)

सुरुवात जरा लांबून करू, रोमपासून. सम्राट जस्टिनियनच्या काळात, सहाव्या शतकात, रोमन कायद्याचं एक पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात म्हटलंय की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा या निसर्गतःच सगळ्यांच्या गोष्टी आहेत. नद्याही सार्वजनिक. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. नदीचा काठ शेजारच्या जमीनमालकाचाच, काठावरचं झाडही त्याचंच. पण होडीवाल्याने येऊन त्या झाडाला दोर बांधला तर मालकाने अडवायचं नाही. म्हणजे मालकी एकाची आणि वापर सगळ्यांचा, या दोन गोष्टी एकाच झाडावर सुखाने नांदू शकतात, हे त्या लोकांना पटलेलं होतं. ते झाड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्लंडमध्ये या कल्पनेला वेगळं वळण लागलं. जिथपर्यंत भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंतचा तळ राजाचा, पण राजाने तो प्रजेसाठी सांभाळायचा. त्याच्या वरची, गोड्या पाण्याची नदी असेल तर तळ बहुधा काठावरच्या जमीनदाराचा. बेटावरच्या आखूड नद्यांना हे चालून गेलं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाच्या जागी तिथली राज्यं आली. 1842 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर न्यू जर्सीतल्या रॅरिटनच्या परिसरातल्या कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा, खटला आला. एकाचं म्हणणं होतं की राजाने पूर्वी दिलेल्या सनदेमुळे त्या पाण्याखालचा तळ माझा आणि म्हणून कालवंही माझी. न्यायालयाने ते मानलं नाही. तळ राज्याचा, लोकांसाठी राखलेला. एडिसनला राहणारे आमचे बरेच श्रोते रोज ज्या रॅरिटन नदीच्या आसपास वावरतात, तीच ही.

पण मिसिसिपी, मिसुरी यांसारख्या नद्यांचं काय? समुद्रापासून हजारो मैल आत भरती कुठली यायला! म्हणून 1870-71 च्या सुमारास ‘डॅनियल बॉल’ नावाच्या आगबोटीच्या खटल्यात नवी कसोटी घट्ट झाली. ही बोट मिशिगन राज्यात ग्रँड नदीवर चालायची आणि तिने केंद्र सरकारचा परवाना घेतलेला नव्हता. न्यायालयाने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा: जी नदी नेहमीच्या स्थितीत व्यापार-प्रवासाचा रस्ता म्हणून वापरली जाते किंवा वापरता येण्याजोगी आहे, ती कायद्याच्या दृष्टीने ‘नॅव्हिगेबल’, म्हणजे नौवहनयोग्य. भरती-ओहोटीचा संबंध संपला.

आता यातली मेख बघा. एखादी नदी नौवहनयोग्य असेल, तर ज्या दिवशी त्या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी तिचा तळ त्या राज्याच्या मालकीचा झाला. नसेल, तर तळ जमिनीबरोबर विकला गेला, आणि आज ज्याची जमीन त्याचा तळ. त्यामुळे आज, 21 व्या शतकात, तुम्ही नदीत पाय टेकवू शकता का, हे पाहताना वकील आधी विचारतात की हे राज्य कधी झालं आणि त्या दिवशी ही नदी कशी होती. कोलोरॅडोसाठी ती तारीख आहे 1 ऑगस्ट 1876. माँटानासाठी 8 नोव्हेंबर 1889.

त्यामुळे खटल्यांमध्ये पुरावे येतात ते इतिहास संशोधन मंडळात शोभतील असे. जुनी वर्तमानपत्रं, केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या रोजनिशा, लाकूड कंपन्यांचे हिशेब. रेल्वेमार्ग टाकायला स्लीपर लागायचे. डोंगरात झाडं तोडायची, स्लीपर पाडायचे आणि पाणी वाढलं की नदीत सोडून द्यायचे. माँटानातल्या डिअरबॉर्न नदीतून 1887 साली असे सुमारे एक लाख स्लीपर वाहून आणले होते. हे कुणालातरी सापडलं, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी ते एका मासेमारीच्या भांडणात कामाला आलं.

ते भांडण असं. डिअरबॉर्नच्या काठी मोठी जमीन असलेला एक मालक म्हणत होता की पात्र माझं, तेव्हा इथे कुणी येऊ नये. मासे धरणारे आणि होड्या वल्हवणारे लोक संघटना करून न्यायालयात गेले. 1984 साली माँटानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्लीपरचा पुरावा धरून नदी नौवहनयोग्य ठरवली आणि विषय तिथेच संपवता आला असता. पण न्यायालय त्यापुढे गेलं. माँटानाच्या 1972 च्या राज्यघटनेत लिहिलंय की राज्यातलं सगळं पाणी हे लोकांच्या वापरासाठी राज्याच्या मालकीचं आहे. मग न्यायालय म्हणालं, पाणी जर लोकांचं आहे आणि त्यावर होडी चालवणं, मासे धरणं, डुंबणं शक्य आहे, तर तळ कुणाचा हा प्रश्न विचारायचीच गरज नाही. ज्या पाण्याचा असा उपयोग होऊ शकतो, ते लोकांना खुलं.

बघा, रोमन झाड परत आलं! मालकी तुझी, पण दोर बांधू दे.

पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, विधिमंडळाने यावर कायदा केला आणि सीमा आखल्या. माझ्या मते यातलं खरं शहाणपण या सीमांमध्ये आहे. नदीचं पाणी नेहमी जिथपर्यंत चढतं, ती खूण काठावर दिसते: तिथे गवत-झुडपांची रेघ बदलते, माती खरवडलेली असते. त्या खुणेच्या आत तुम्ही चाला, बसा, गळ टाका. खुणेच्या बाहेर पाऊल टाकलंत, तर तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीत. वाटेत कुंपण किंवा बंधारा आडवा आला, तर होडी उचलून कमीत कमी त्रास होईल अशा बेताने त्याला वळसा घालता येतो. पण नदीपर्यंत पोचायला कुणाच्या शेतातून जायचा हक्क या कायद्याने मिळत नाही. जमीनमालकाचीही एक काळजी मिटवली: नदीवर आलेला माणूस घसरून पडला तर त्याची भरपाई मालकाच्या गळ्यात सहसा पडत नाही. हा मुद्दा बारीक वाटतो, पण अमेरिकेत ‘उद्या माझ्यावर दावा ठोकतील’ ही भीती किती खरी आहे हे तिथे राहणाऱ्यांना विचारा.

मग लगेच पुढचं भांडण. नदी खुली, पण पोचायचं कसं? सार्वजनिक रस्ता नदीला ओलांडतो तो पुलावर. लोक पुलाशी गाडी लावून खाली उतरू लागले. मालकांनी पुलाच्या कठड्याला भिडवून कुंपणं घातली. 2009 मध्ये पुलावरून उतरण्याबद्दल वेगळा कायदा झाला, आणि 2014 मध्ये रुबी नदीच्या खटल्यात न्यायालयाने रस्त्याच्या हद्दीतून नदीत उतरण्याच्या बाजूने कौल दिला. हक्क कागदावर असतो, पण तो वापरता येतो की नाही हे पुलाच्या टोकाशी असलेल्या चार फूट जागेवर ठरतं.

आता कोलोरॅडोकडे येऊ, म्हणजे आपल्या काकांच्या नदीकडे.

1976 च्या जुलैमध्ये काही जण राफ्ट घेऊन कोलोरॅडो नदीत उतरले. उतरले तेही सरकारी जमिनीवरून. पुढे नदी एका गुरांच्या रँचमधून जात होती. पाणी उथळ, त्यामुळे अधूनमधून तळ लागत होता. रँचच्या माणसाने राफ्टवाल्यांना अडवायला पुलापाशी नदीवर काटेरी तार ताणली होती. पोलीस आले, बेकायदा प्रवेशाचा गुन्हा दाखल झाला, शिक्षा झाली. 1979 मध्ये ‘एमर्ट’ खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.

हीच कोलोरॅडो नदी पुढे ग्रँड कॅन्यन कोरते. पण त्या खटल्यात दोन्ही बाजूंनी आधीच मान्य करून टाकलं होतं की या भागात नदी नौवहनयोग्य नाही. त्यामुळे तळ रँचवाल्याचा, हे गृहीतच धरलं गेलं. राहिला प्रश्न राज्यघटनेचा. कोलोरॅडोच्या घटनेतही एक वाक्य आहे, की नैसर्गिक प्रवाहांचं पाणी ही जनतेची मालमत्ता आहे. पण न्यायालय म्हणालं, ते वाक्य शेती आणि खाणींसाठी पाणी उचलण्याच्या हक्कापुरतं आहे, त्यात तरंगण्याचा हक्क येत नाही. ज्याची जमीन, त्याचंच वरचं सगळं. बदल हवा असेल तर विधिमंडळाकडे जा.

त्याआधी, 1977 मध्ये, विधिमंडळाने बेकायदा प्रवेशाच्या कायद्यातल्या ‘जागा’ या शब्दाची व्याख्या बदलून त्यात नौवहनयोग्य नसलेल्या ओढ्या-नद्यांचे काठ आणि तळ घातले होते. मग 1983 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याने मत दिलं: व्याख्येत काठ आणि तळ आहेत, पाणी नाही. तेव्हा काहीही न टेकवता नुसतं वरून तरंगत गेलात तर तो फौजदारी गुन्हा नाही. गाईडने काकांना जे सांगितलं, ते इथून आलं. तरंगा, पण टेकू नका. खडकात अडकलेली राफ्ट सोडवायला उतरलेल्या माणसाने काय करायचं, हे त्या मतात नाही. आणि मत हे मतच; तो न्यायालयाचा निकाल नव्हे.

हे सगळं वकिली कीस काढणं वाटेल. पण त्याच राज्यातल्या आर्कान्सा नदीवर एक निवृत्त गृहस्थ मासे धरायला जायचे, तर काठावरच्या घरमालकाने त्यांच्यावर वरून दगड मारले. त्यांच्या एका मित्राच्या दिशेने तर गोळी झाडली गेली, आणि झाडणाऱ्याला तुरुंगवास झाला. या गृहस्थांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं: 1876 मध्ये ही नदी नौवहनयोग्य होती, रेल्वेचे स्लीपर यातून वाहत यायचे, म्हणून तळ राज्याचा आणि मला उभं राहायचा हक्क. पाच वर्षं खटला फेडरल आणि राज्य न्यायालयांत हिंडला. जून 2023 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा प्रश्न घेऊन दाद मागण्याचा अधिकारच या गृहस्थांना नाही. तळ राज्याचा आहे असं म्हणायचं असेल तर राज्याने म्हणावं. राज्य सरकार मात्र न्यायालयात त्यांच्या विरुद्ध बाजूला उभं होतं. म्हणजे 1876 मध्ये नदी कशी होती, हे शेवटी कुणी तपासलंच नाही.

खाली न्यू मेक्सिकोत, नेमकं तसंच वाक्य घटनेत असताना, उलटं झालं. तिथल्या न्यायालयाने 1945 मध्येच सांगितलं होतं की लोकांचं पाणी म्हणजे त्यावर मासेमारी-जलविहाराचाही हक्क. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो स्पॅनिश आणि मेक्सिकन राजवटीच्या जुन्या कायद्यांचा, कारण तो प्रदेश आधी त्यांच्याकडे होता. आणि स्पेनचा जुना कायदा कुठून आला? रोममधूनच. तरी 2015 मध्ये एक कायदा आणि त्यामागून नियम आले, आणि जमीनमालक अर्ज करून आपल्या हद्दीतली नदी लोकांना बंद करून घेऊ लागले. रिओ चामा आणि पेकोससारख्या नद्यांवर तशी प्रमाणपत्रंही निघाली. 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. मासेमारी किंवा होडीसाठी वाजवी गरजेपुरता तळाला स्पर्श करावा लागत असेल, आणि त्याचा परिणाम अगदी कमी असेल, तर तो हक्काचाच भाग आहे. कोरड्या जमिनीवरून जायचा हक्क मात्र नाही.

शेजारशेजारची दोन राज्यं, घटनेत जवळजवळ एकच वाक्य. एकीकडे पाय टेकवला तर गुन्हा, दुसरीकडे हक्क. राज्याची सीमा पाण्याला दिसत नाही, पण पाण्यातल्या माणसाला ती माहीत असावी लागते.

मग केंद्रातलं सर्वोच्च न्यायालय हे एकदाचं मिटवत का नाही? त्यांनी 2012 मध्ये माँटानाच्याच एका खटल्यात हात घातला होता. वीज कंपनीची धरणं मिसुरी, मॅडिसन आणि क्लार्क फोर्क या नद्यांच्या तळावर उभी आहेत, तळ आमचा, तेव्हा भाडं द्या, असं राज्य म्हणालं. रक्कम होती सुमारे 4 कोटी 10 लाख डॉलर. न्यायालयाने एकमताने राज्याच्या विरुद्ध निकाल दिला. नदी सबंध एक धरायची नाही, तुकड्यातुकड्याने बघायची. मिसुरीवर ग्रेट फॉल्स नावाचे धबधबे आहेत. 1805 मध्ये लुईस आणि क्लार्क या प्रसिद्ध शोधप्रवाशांना तिथे होड्या-सामान जमिनीवरून ओढत न्यावं लागलं होतं. म्हणजे तेवढा तुकडा नौवहनयोग्य कसा म्हणायचा? शिवाय आज तिथे हौशी लोक होड्या चालवतात, एवढ्याने 1889 मधली स्थिती सिद्ध होत नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की पाणी लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचं तत्त्व हा ज्या-त्या राज्याच्या कायद्याचा भाग आहे. म्हणून माँटाना मालकीचा खटला हरलं, तरी तिथल्या मासेमारांच्या हक्काला धक्का लागला नाही.

आता जमीनमालकांची बाजू. त्यांना सरसकट खलनायक करायला मी तयार नाही. ज्याने पात्रासकट जमीन पैसे मोजून घेतली, त्याला उद्या सांगितलं की इथे कुणीही उभं राहील, तर तो चिडणारच. फाटकं उघडी टाकून गुरं बाहेर जाणं, बियरचे डबे, शेकोट्या, हे त्रास खरे आहेत. पण काही ठिकाणी भांडण त्रासाचं नसतंच. चांगले ट्राउट मासे असलेला नदीचा पट्टा ‘फक्त तुमचा’ म्हणून विकता आला तर जमिनीची किंमत चढते. तिथे रँचवाला आणि गुरं नावालाच उरतात. अशा वेळी मला लोकांची बाजू जास्त पटते.

या सगळ्याचा आपल्याशी एक सरळ धागा आहे. अमेरिकेत 1892 मध्ये शिकागोच्या तलावाकाठचा एक गाजलेला निकाल लागला: तलावाचा तळ विधिमंडळाने रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता, आणि न्यायालय म्हणालं की लोकांसाठी सांभाळायची गोष्ट सरकारला अशी वाटून टाकता येत नाही. पुढे 1970 मध्ये जोसेफ सॅक्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने याच कल्पनेवर एक लेख लिहिला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये हिमाचलमधल्या बियास नदीच्या प्रकरणात हे दोन्ही आधार घेतले. एका मोटेलने स्वतःला वाचवण्यासाठी नदीचा प्रवाहच वळवायचा प्रयत्न केला होता. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ या निकालाने सांगितलं की सरकार हे नद्यांचं विश्वस्त आहे, आणि हे तत्त्व आपल्या देशाचा कायदा आहे.

महाराष्ट्रात तर तळाचा प्रश्न बराचसा कागदावरच सुटलेला आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 20 व्या कलमानुसार नद्या, नाले आणि त्यांची पात्रं, कुणाची मालकी सिद्ध झालेली नसेल तर, राज्य सरकारची. त्यामुळे घाटावर आंघोळीला उतरताना पाय टेकवू का, असं आपण कुणाला विचारत नाही. काकांना ‘बापाची नदी’ सुचली ती या सवयीतून. आपले वाद वाळूचे, सांडपाण्याचे, पूररेषेतल्या बांधकामांचे. त्यावर वेगळा भाग करायचा मनात आहे.

तेव्हा अमेरिकेतल्या श्रोत्यांनो, ट्यूब किंवा कयाक गाडीवर चढवण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. या राज्यात पाण्यावर तरंगायला मोकळीक आहे का? तळाला पाय लावायची आहे का? आणि उतरायची-चढायची सार्वजनिक जागा नक्की कुठे आहे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, आणि बहुतेक भांडणं तिसऱ्या प्रश्नावर होतात. स्थानिक राफ्टिंगवाल्याला विचारा; कुठल्या वळणावरचा मालक आरडाओरडा करतो हे त्याला पाठ असतं. आणि काकांना सांगा, नदी कुणाच्या बापाची नाही, पण तिथे खाली पाय सोडू नका.